'केदार जाधव' ही शिवी नाही!

गेल्या रविवारी गावी होतो. सकाळी नारायणगावात मिसळ खायला नेहमीची टाळकी जमली. एक मंचरचा, दोघं जुन्नरचे, चौथा मी. विषय अतिशय गंभीर होता. यात्रेतल्या टेनिस बॉल स्पर्धेसाठी टीम निवडायची होती. आमच्या सहा नंबरच्या बॅट्समनचं नाव निघालं. गेले दोन सीझन त्याची हॅमस्ट्रिंग अधूनमधून धरते. मंचरकर पाव मोडत म्हणाला, "नको राव तो. केदार जाधव झालाय त्याचा."

सगळे खो खो हसले. सवयीने मीही हसलो. मग पुण्याला परत येताना चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकलो आणि तिथे मला माझ्याच हसण्याचा राग यायला लागला. हा लेख म्हणजे त्या दीड तासाची निर्मिती :)

तर मंडळी, आधी आरोपपत्र वाचून घेऊ. एक, सारखा जखमी. दोन, धोनीचा माणूस म्हणून टिकला. तीन, ७ ऑक्टोबर २०२०. या तिसऱ्यावर मी शेवटी येतो, कारण तिथे मी स्वतःही आरोपी आहे.

सुरुवात आकड्यांपासून, कारण आपल्याला एक्सेल शीट दाखवल्याशिवाय काही पटत नाही. ७३ वनडे. १३८९ रन. सरासरी ४२.०९. स्ट्राईक रेट १०१.६०. दोन सेंच्युरी आणि वर २७ विकेट. यावर जुन्नरकरांपैकी एकाने लगेच आक्षेप घेतला, "अरे, १९ वेळा नॉट आऊट आहे, म्हणून सरासरी फुगलीये." अरे लेका, सहा नंबरच्या माणसाचं कामच ते आहे! मॅच संपेपर्यंत उभं राहायचं. १८ जानेवारी २०१९ ला मेलबर्नला तो ६१ वर नॉट आऊट राहिला आणि भारताने ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा द्विपक्षीय वनडे मालिका जिंकली. २ मार्च २०१९ ला हैदराबादला २३७ चा पाठलाग करताना ९९ वर चार गेले होते. तिथे ८१ नॉट आऊट. दोन्ही वेळा समोर धोनी होता. हायलाईट्स कोणाच्या लक्षात राहिल्या ते सांगायला नको.

आता धोनीच्या माणसाबद्दल. केदार पहिली वनडे खेळला १६ नोव्हेंबर २०१४ ला, तेही रांचीत, धोनीच्या गावात. पण धोनी त्या मालिकेत विश्रांती घेत होता, कॅप्टन होता कोहली. पहिली सेंच्युरी जुलै २०१५ मध्ये हरारेला, कॅप्टन रहाणे. आशिया कप फायनल २०१८, कॅप्टन रोहित. आणि गहुंजे? १५ जानेवारी २०१७, इंग्लंडने ३५१ चं टार्गेट दिलेलं, आपले चार गेले ६३ वर. कोहली त्या दिवशी पहिल्यांदाच वनडेचा पूर्णवेळ कॅप्टन म्हणून उतरला होता. त्याच्याबरोबर केदारने २०० ची भागीदारी केली. ७६ बॉलमध्ये १२०. पायात गोळे येत होते, पळता येईना, तर फोर-सिक्स मारायला लागला. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. हॉस्टेलच्या टीव्हीसमोर आम्ही जे ओरडत होतो ते कोहलीसाठी नव्हतं.

धोनीने एक गोष्ट नक्की केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये धरमशालेला त्याने केदारच्या हातात बॉल दिला. केदारने लागोपाठच्या दोन बॉलवर नीशम आणि सँटनर काढले. ती हात खाली आणून टाकलेली, न उसळणारी बॉलिंग कोचिंग क्लासमध्ये शिकवत नाहीत. ती टेनिस बॉलची बॉलिंग आहे. केदार पुण्यात टेनिस बॉल स्पर्धा खेळतच मोठा झाला. आमच्या यात्रेच्या ग्राउंडवर असे दहा जण सापडतील. त्यातला एक थेट भारताकडून तसाच खेळला, आणि त्याचं नाव आम्ही लंगड्या माणसाला चिडवायला वापरतो. कमाल आहे आपली.

नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लहानपणापासून बघतोय. पाटीवर मोठ्या अक्षरात नाव असतं फडमालकाचं. सोंगाड्याचं नाव कोण विचारतं? पण सोंगाड्या एखाद्या रात्री नसला की लोकांना कळतं काहीतरी कमी आहे. केदारची जागा ही अशी होती. पाचवा बॉलर मार खात असेल तर सात-आठ ओव्हर टाक, चार लवकर गेले तर डाव सावर, नाही गेले तर तुझी बॅटिंगच येणार नाही.

आता जखमांबद्दल. होय, तो फिट नव्हता. विराटच्या टीममध्ये पोटाचा घेर दिसणारा तो एकटाच असावा. हे मान्य. पण जखमी होऊन तो काय करायचा ते बघा. ७ एप्रिल २०१८, वानखेडे. चेन्नई दोन वर्षांनी आयपीएलमध्ये परत आलेली. केदार हॅमस्ट्रिंग धरून बाहेर गेला. नववी विकेट पडली तेव्हा लंगडत परत आला. शेवटच्या ओव्हरमध्ये सात हवे होते. तीन बॉल डॉट. चौथ्यावर सिक्स, पाचव्यावर फोर. मॅच जिंकली आणि त्याचा उरलेला सीझन गेला. २८ सप्टेंबर २०१८, दुबई. बांगलादेशची ओपनिंग १२० पर्यंत सुटलेली होती, ती जोडी त्याने फोडली. मग बॅटिंगला पुन्हा तेच: मांडी धरली, बाहेर गेला, विकेट पडल्यावर परत आला, शेवटच्या बॉलवर पाय ओढत लेग बाय काढला. आशिया कप भारताचा.

जखमी माणूस म्हणजे कच खाणारा माणूस, हे समीकरण कोणी मांडलं? आणि हेही विचारा की हे शरीर भारतीय संघात आलं कधी. २०१३-१४ च्या रणजीत त्याने महाराष्ट्रासाठी १२२३ रन काढले, त्या सीझनमध्ये देशात सर्वात जास्त. महाराष्ट्र फायनलला गेला. तरी पहिली वनडे मिळाली तेव्हा तो २९ वर्षांचा होता. ज्या वयात शरीर साथ देतं ती वर्षं रणजीत गेली. मग तिशीनंतर आपण विचारायचं, हा सारखा जखमी का होतो?

आता ७ ऑक्टोबर २०२०. अबुधाबीत कोलकत्याविरुद्ध १६८ चा पाठलाग, केदार १२ बॉलमध्ये ७ नॉट आऊट, चेन्नई दहा रननी हरली. वाईट खेळला. त्याआधी २०१९ च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंडविरुद्ध शेवटी धोनी आणि तो एकेरी धावा घेत बसले, तेही वाईटच होतं. सफाई देत नाही. त्या रात्री मी त्याच्यावरचे मीम चार ग्रुपवर फॉरवर्ड केले होते. गहुंज्याला ज्याच्यासाठी घसा बसवला होता त्याच्यावर.

चाकणला अडकलो असताना हे आठवलं, त्याला कारण आहे. मागच्या वर्षी माझी कंबर गेली. स्लिप डिस्क. सहा आठवडे आडवा. त्याआधीची दोन वर्षं रात्रीबेरात्री प्रॉडक्शन पडलं की फोन मला यायचा. अप्रेझलला मॅनेजर अगदी गोड आवाजात म्हणाला, "कन्सिस्टन्सीचा थोडा इश्यू आहे." एक खराब तिमाही आणि आधीचं सगळं पुसलं. मी महिनाभर धुमसत होतो. आणि तोच मी, मिसळीच्या टेबलावर दुसऱ्या कोणाच्या तरी मांडीवर हसत होतो.

केदार ३ जून २०२४ ला निवृत्त झाला, एक छोटीशी पोस्ट टाकून. निरोपाची मॅच नाही, काही नाही. त्याला महान म्हणा असं मी म्हणत नाही. युवराजशी तुलना करा असंही नाही. एवढंच म्हणतोय की हिशोब पूर्ण मांडा. सात रन लिहिताना १२० पण लिहा.

असो. चाकणमधूनच मंचरकराला फोन लावला. म्हटलं, आपला सहा नंबर खेळणार. तो म्हणाला, "आणि मधेच लंगडला तर?"

म्हटलं, रनर मी आहे. (माझी कंबर बघता दोघांनाही ॲम्ब्युलन्स लागेल, पण ते आता ठरलंय.)