सूर्य सगळ्यांचा, पण गच्ची कोणाची?

मागच्या मे महिन्यात एका रविवारी हडपसरच्या बाजूला एसआरएच्या इमारतीत बैठकीला गेलो होतो. बैठक सातव्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. विचारले तर म्हणाले, कॉमन मीटरचे बिल थकले आहे, सहा महिने झाले. जिन्यात एक आजी पिशवी खाली ठेवून दर मजल्याला बसत बसत वर चालल्या होत्या. पूर्वी झोपडीत होत्या तेव्हा घर निदान जमिनीवर होते. बैठक संपल्यावर आम्ही दोघे-तिघे गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाक्या, डिशच्या गंजलेल्या छत्र्या आणि तापलेली रिकामी गच्ची. पलीकडच्या खासगी सोसायटीच्या गच्चीवर मात्र सोलर पॅनेलच्या रांगा. ऊन दोन्ही गच्च्यांवर सारखेच पडत होते.

'सोलर हा आपला विषय नाही, तो कोथरूड-बाणेरवाल्यांचा' असे आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांना एकच विचारावेसे वाटते. सरकारी तिजोरीतून घराघरात पैसा वाटला जातो आणि आपल्या वस्तीत त्यातला रुपया येत नाही, तर हा विषय आपला कसा नाही?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पीएम सूर्यघर मोफत बिजली योजना आणली. १ कोटी घरे, ७५ हजार कोटींहून जास्त खर्च. १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान. अट काय, तर घर स्वतःचे हवे आणि त्यावर पॅनेल बसेल असे छप्पर हवे. वाचायला साधी अट आहे. पण जनता वसाहत, ताडीवाला रोड, कासेवाडी, रामटेकडी इथे ही अट कितीजण पूर्ण करतील? कुठे जमिनीचा कागद नाही, कुठे छप्पर पत्र्याचे, कुठे दहा बाय दहाची खोली भाड्याची. जातीचे नाव न घेता लिहिलेली अट जातीचेच काम कसे करते, याचे हे ताजे उदाहरण आहे. पिढ्यानपिढ्या ज्यांना जमीन धरू दिली नाही, त्यांच्याकडे आज छताची मालकी मागितली जाते. त्यात पुणे महापालिका सोलर बसवणाऱ्याला मिळकत करात सवलत देते. म्हणजे कर भरणाऱ्या मालकालाच पुन्हा फायदा.

राज्य सरकारने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी वेगळी योजना काढली. तीत अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना जादा अनुदान आहे. चांगलेच आहे, घ्यावेच. पण तिथेही प्रश्न छपराशीच येऊन थांबतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, हे आपण भाषणात सांगतो. पण वीज हे खाते त्यांच्याकडे होते, हे किती वेळा सांगतो? ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीसमोर त्यांनी मांडणी केली ती स्वस्त आणि मुबलक विजेची, आणि त्यामागचे कारण होते देशाचे दारिद्र्य. १९४४ मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड उभे राहिले ते त्यांच्याच काळात. वीज कोणाच्या मालकीची हा त्यांच्यासाठी तांत्रिक प्रश्न नव्हता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. आज वीज गच्चीवर तयार होऊ लागली, म्हणून मालकीचा प्रश्न संपला नाही, तो गच्चीवर गेला इतकेच.

आता त्या बंद लिफ्टकडे परत येऊ, कारण मार्ग तिथेच आहे आणि बहुतेकांना माहीत नाही. सूर्यघर योजनेतच गृहनिर्माण सोसायट्यांना सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॉटला १८ हजार रुपये अनुदान आहे. पुण्याच्या उन्हात १ किलोवॉटमधून दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. १० किलोवॉट बसवले तर महिन्याला साधारण १,२०० युनिट. त्यासाठी सावली नसलेली हजारेक चौरस फूट गच्ची लागते, ती आपल्या इमारतीत आहे. अडचण वेगळीच असते. सोसायटीची नोंदणी कागदावर, कमिटी बिल्डरच्या माणसांची, कॉमन मीटर कोणाच्या नावावर हे कोणालाच ठाऊक नाही. उरलेला पैसा कोण घालणार हाही प्रश्न आहेच. तो गरिबांच्या वर्गणीतून येणार नाही. पुण्यात झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण २००५ पासून आहे. इमारत हातात देतानाच गच्चीवर पॅनेल बसवून द्यायची सक्ती बिल्डरवर का नको? मोक्याची जमीन आणि वाढीव एफएसआय घेताना तो लाजत नाही.

आणि पत्र्याच्या घरांचे काय? त्यांना पॅनेलआधी सावली हवी. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसून पाहा, पंखा गरम हवाच खाली ढकलतो. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफ धोरण केले. पत्र्यावर किंवा स्लॅबवर ऊन परतवणारा पांढरा रंग, बस, एवढीच त्यातली मुख्य गोष्ट. पुणे महापालिकेला हे वस्त्यांमध्ये स्वतःच्या खर्चाने करता येणार नाही असे कोण म्हणेल?

पंख्याचा हिशोबही मांडून ठेवतो. जुना पंखा ७५ वॉट खातो. दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला ३३ युनिटच्या वर. बीएलडीसी पंखा ३० वॉटचा, त्याचे साडेतेरा. दोन पंखे बदलले की चाळीसेक युनिट वाचतात. महावितरणचा दर १०० युनिटनंतर एकदम चढतो. १३० युनिट वापरणारे घर त्यामुळे पुन्हा खालच्या टप्प्यात येते. पण हा पंखा महाग, म्हणून ज्याला बचतीची सर्वात जास्त गरज त्याच्याच घरात सर्वात जास्त वीज खाणारा पंखा फिरत राहतो. २०१५ पासून उजाला योजनेत एलईडी बल्ब स्वस्तात वाटले गेले. मग पंखे का नाही?

थोडे स्वतःकडेही पाहू. १४ एप्रिलच्या रोषणाईसाठी आपण वर्गणी काढतो, लाखांत काढतो. मी रोषणाईच्या विरोधात नाही. पण एका वर्षीच्या डीजेच्या पैशात विहाराच्या गच्चीवर २ किलोवॉट बसते आणि खालच्या अभ्यासिकेतला दिवा-पंखा वर्षानुवर्षे चालतो. हे मंडळात बोलले की दोन मिनिटे शांतता पसरते, तरीही बोलावे.

आणखी एक गोष्ट आतापासून बोलून ठेवली पाहिजे. हे पॅनेल वीस-पंचवीस वर्षांनी कचरा होणार. २०२२ च्या ई-कचरा नियमांत त्यांचा समावेश आहे. पण नियम काही असो, पुण्यात कचरा हाताने वेगळा कोण करते हे सांगायला नको. काचेखालचे शिसे आपल्याच बायांच्या हाताला लागणार असेल, तर त्यांच्या हातमोज्यांचा आणि मजुरीचा विषय आजच पॅनेल विकणाऱ्या कंपन्यांच्या दारात गेला पाहिजे.

एसआरएत राहणाऱ्या तरुणांनी या आठवड्यात एवढे करावे. कॉमन मीटरच्या शेवटच्या बिलाची प्रत काढावी, त्यावर नाव कोणाचे आहे ते पाहावे, सोसायटीचा नोंदणी क्रमांक मागावा. बिल्डरने टाळाटाळ केली तर प्राधिकरणाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. हडपसरच्या त्या इमारतीतल्या पोरांनी अर्ज टाकला आहे. लिफ्ट अजून बंदच आहे.