अब्रू नावाची, गटार आमचं

कार्बापेनेमसारखं जालीम औषध तोडून आतड्यातल्या जंतूंना वाचवणाऱ्या एन्झाइमला 2009 साली नाव पडलं एनडीएम-1. त्यातलं एनडी म्हणजे नवी दिल्ली. झालं! देशाची अब्रू गेली म्हणून सरकार कोकललं. 2010 साली त्याच दिल्लीत रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याचे 171 नमुने घेतले. 51 मध्ये त्याचा जीन निघाला. नळाच्या 50 पैकी 2 मध्येही. अरे, अब्रू काय नावात होती? त्या घाणीत गळ्यापर्यंत उतरतो कोण? आमचाच बाप, आमचाच भाऊ. 2013 चा कायदा कागदावर, माणूस मेनहोलात. युरोपात 2024 साली अशा जंतूंवर अ‍ॅझट्रिओनाम-अविबॅक्टम मंजूर झालं. बरं झालं, आणखी शोधा! पण दोस्तांनो, मेनहोलातून वर आलेल्याला हात धुवायला साबण मिळंना, त्याच्या शिरेत ते इंजेक्शन कोण सोडणार?