यंत्र नागपूरला धाडण्याआधी

होडीवरच्या, पाण्याची खोली मोजणाऱ्या इको साउंडरचे आकडे उड्या मारू लागले, की यंत्र खोक्यात भरून नागपूरला दुरुस्तीला धाडायचे, ही सवय आता मोडायला हवी. इटियाडोहसारख्या मोठ्या जलाशयावर असो की गोंदियाच्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर, बिघाडाचे मूळ बहुधा यंत्राच्या पेटीबाहेरच असते.

आधी वीज पाहा. १२ व्होल्टची बॅटरी किनाऱ्यावर ठणठणीत दिसते, पण टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर साचला असेल तर भार पडताच दाब घसरतो. म्हणून व्होल्टेज यंत्राच्या टोकाला आणि यंत्र चालू असताना मोजावे. मग इंजिन बंद करून पाहा. आकडे स्थिरावले, तर पुन्हा सुरू करून होडी जागेवरच ठेवा. तरीही गोंधळ झाला तर दोष विजेच्या वायरिंगचा. होडी चालू लागल्यावरच होत असेल, तर ध्वनी सोडणाऱ्या-झेलणाऱ्या ट्रान्सड्यूसरखाली हवेचे बुडबुडे जात आहेत; तो थोडा खाली किंवा बाजूला बसवा.

मामा तलावांची गोष्ट वेगळी. उथळ पाणी, पाणवनस्पतींचे जाळे आणि तळाशी मऊ गाळ. यंत्र कधी वनस्पतीच्या शेंड्याला तळ समजते. फारच उथळ जागी ध्वनी तळ आणि पृष्ठभाग यांमध्ये दोनदा फिरतो आणि खोली दुप्पट दिसते. हा बिघाड नव्हे, ती यंत्राची मर्यादा. अशा जागी डोंग्यावरून ढिवर बांधव जो बांबू टेकवतात, तोच अधिक खरा.

खरी कसोटी लोखंडी पट्टीची. खुणा केलेल्या साखळीला ती बांधून ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली १, २, ५ मीटरवर धरावी. नायलॉनची दोरी नको, ती ताणली जाते. फरक सगळीकडे सारखाच आला, तर ट्रान्सड्यूसर पाण्यात किती बुडाला आहे याचा आकडा चुकीचा भरला आहे. खोलीबरोबर फरक वाढत गेला, तर ध्वनीचा वेग चुकला आहे. यंत्र मोजते फक्त वेळ. खोली निघते ती आपण भरलेल्या वेगावरून. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १,४९७ मीटर, समुद्रात १,५३४. कोकणातून आणलेल्या यंत्रावर खाऱ्या पाण्याची सेटिंग तशीच राहिली, तर १० मीटरला पाव मीटर खोली जास्त दिसते. खोली जास्त दिसली की गाळ कमी भरतो; १०० हेक्टरवर सरासरी खोली १० मीटर असेल, तर अडीच लाख घनमीटर गाळ हिशेबातून गायब!

२०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांतला गाळ काढून शेतात टाकला जातो आहे. किती काढायचा, हे अशाच मोजण्यांवर ठरावे अशी आमची अपेक्षा आहे. म्हणून सर्वेक्षण करणाऱ्यांना विनंती : रोज सकाळी काम सुरू करताना आणि संध्याकाळी संपवताना पट्टीची तपासणी करून तिचे आकडे तक्त्यात लिहा. ते नसलेला खोलीचा नकाशा यापुढे या मासिकात छापला जाणार नाही.