मेल्यावरही सातबारा दाखवा!

डॉकवर पोती उतरतात तेव्हा टॅली क्लार्क प्रत्येक पोत्याला एक रेघ मारतो. संध्याकाळी एक पोतं कमी भरलं की मुकादम आमच्याच मजुरीला हात घालतो. पोत्याचा हिशेब त्याच दिवशी. कोटींचा मात्र पाच-पाच वर्षं लागत नाही.

माझा जिल्हा वर्धा. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंगांनी विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात वर्धा होता. आता त्याची पोती मोजा. २,१७७ कोटी सिंचनाला, म्हणजे आधी धरणाच्या ठेकेदाराला. ७१२ कोटी व्याजमाफीला, म्हणजे बँकेला. चार रुपयांतले तीन इथंच संपले.

मग २००८ ची कर्जमाफी. तिच्यावरचा कॅगचा अहवाल संसदेपुढं आला मार्च २०१३ मध्ये. ९०,५७६ खाती तपासली, शंभरात बावीस खात्यांत घोळ. पात्र वगळलेला, अपात्राला माफी, कागदावर खाडाखोड. काम चोख केलं, मानतो. बाबासाहेबांनी ३० मे १९४९ ला घटना समितीत ह्या अधिकाऱ्याचं काम न्यायसंस्थेहूनही महत्त्वाचं म्हणून सांगितलं होतं, ते उगाच नव्हे. कलम १५१ मुळं त्याचा अहवाल संसदेपुढं ठेवावाच लागतो. पुढं लोकलेखा समितीचे बावीस खासदार बंद दाराआड साक्षी घेतात.

पण साला, तपासलं काय? यादीतल्याला पैसा पोचला का, एवढंच. यादी कुणाला धरून केली, हे कोण विचारणार? बँकेचं पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं. सातबारा मालगुजाराच्या नातवाकडे. माझ्या मायनं जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. तिला उधार देतो तो किराणावाला. तिची माफी कुठल्या रकान्यात? आणि ह्याच राज्यात शेतकऱ्याची आत्महत्या ‘पात्र’ ठरायला घरात जमीन लागते, बँकेचं नाहीतर परवानावाल्या सावकाराचं कर्ज लागतं. मेल्यावरही सातबारा दाखवा! भूमिहीन मजूर मेला तर त्याची रेघच मारलेली नाही. मग टॅलीत तो कमी कसा भरेल?

आपल्यातले काही म्हणतात, संसद त्यांची, हिशेब त्यांचा, जाळा सगळं. मला पटत नाय. काडेपेटी घेतली, साबण घेतला तरी माय सरकारला कर भरते. तो पैसा तिचाही आहे. लोकलेखा समितीनं दिल्लीत सचिवांना बोलावून भागायचं नाही. वर्ध्याला यावं, देवळी-सेलूच्या वेचणीवाल्या बायांना समोर बसवावं, त्यांची साक्ष लिहून घ्यावी. ही मागणी आपण नाही केली तर कोण करणार? मोर्च्यात भाकरी मागतो तसा आपला रकानाही मागायला पाहिजे.

मागच्या खेपेला गावी हे सगळं मायला सांगितलं. ती कापसाचं गाठोडं बांधत होती. म्हणाली, “बाबू, आपलं नाव कोणत्या कागदावर हाये, ते पाह्य ना आंधी.”

पाहतोय. अहवाल इंग्रजीत आहे. मॅट्रिकच्या इंग्रजीनं, पाळी संपल्यावर, रात्री दोन-दोन पानं सरकतात.