उंबरठ्याआडची लोकसंख्या

नाशिक शहरात दुसऱ्याच्या आधारावाचून घराचा उंबरठा ओलांडू न शकणारी माणसे किती? त्यांपैकी साठीच्या आतील किती आणि ऐंशीच्या पुढील किती? प्रश्न साधा आहे. परंतु जनगणनेच्या कोष्टकांत त्याचे उत्तर शोधू जाणाऱ्या अभ्यासकाच्या पदरी निराशाच येते.

अपंगत्वाची आकडेवारीच नाही, असे मात्र नव्हे. १८७२ ते १९३१ या काळातील जनगणनांत शारीरिक व्यंगांची नोंद होत असे. पुढे हा प्रश्न गळाला, १९८१ च्या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षाच्या सुमारास परतला, १९९१ मध्ये पुन्हा वगळला गेला आणि २००१ मध्ये परत आला. २०११ साली देशात २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के, तर महाराष्ट्रात २९.६३ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. साठीपुढील लोकांत हे प्रमाण देशभरात ५.१८ टक्के होते. वयाबरोबर अपंगत्व वाढते, एवढे यावरून निश्चित होते.

परंतु अपंग असणे आणि घरात अडकून पडणे या भिन्न गोष्टी आहेत. पांढरी काठी घेऊन रोज नोकरीस जाणारा अंध गृहस्थ अपंगांच्या कोष्टकात येतो. उलट गुडघे निकामी झाल्याने जुन्या वाड्याच्या माडीवरून वर्षानुवर्षे खाली न उतरलेल्या आजीबाई 'म्हातारपण' या सदरात जमा होतात आणि कोणत्याच कोष्टकात येत नाहीत. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला मिळवावयाचा, तर त्यासाठीही आधी रुग्णालय गाठावे लागते!

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८ मधील ७६ व्या फेरीने अधिक खोलात जाऊन विचारले. अपंगांपैकी सुमारे ६२ टक्के व्यक्तींची काळजी घेणारे कोणी होते, असे तीत आढळले. तथापि नमुना पाहणी राज्याचे चित्र देते. एखाद्या प्रभागाचे वा गावाचे देऊ शकत नाही. आणि खर्च तर तेथेच करावयाचा असतो. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वनिधीतील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी राखावी, असा शासनाचा दंडक आहे. ज्यांची संख्याच ठाऊक नाही, त्यांच्यापर्यंत ती पोहोचणार कशी?

या अज्ञानाची किंमत २०२१ मध्ये दिसली. अंथरुणास खिळलेल्यांना घरी लस द्यावी, यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. राज्य शासनाने अखेर तशी तयारी दाखविली. पण त्यासाठी मुंबईत कुटुंबीयांकडून ई-मेलने नावे मागवावी लागली. ज्या घरात ई-मेल धाडणारे कोणी नव्हते, तेथील वृद्धाने काय करावयाचे होते?

लांबलेल्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिनांक आहे. प्रश्नावली लांबविण्यास खर्चाच्या दृष्टीने आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच गैरलागू नाही. पण प्रगणक घरी येणारच आहे. 'घरात कोणी अपंग आहे काय?' या प्रश्नाला संकोचापोटी नकार मिळतो. 'चालताना किंवा जिना चढताना अडचण येते काय, आणि कितपत?' या प्रश्नाला माणूस सहज उत्तर देतो. वॉशिंग्टन गटाच्या सहा प्रश्नांची धाटणी अशीच आहे. त्यास 'एकट्याने घराबाहेर पडता येते काय?' एवढी जोड दिली, तरी वयोगटवार हिशेब हाती येईल.

जनगणनेत ते न साधले, तर महापालिकेने प्रभागवार नोंदवही ठेवावी. आशा सेविकांना आपल्या वस्तीतील अशी घरे बहुधा ठाऊक असतात. आणि प्रगणक म्हणून दारोदार जाणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती: दाराशी आलेल्या माणसाचे उत्तर लिहून घेताना, आतल्या खोलीत आणखी कोणी आहे काय, हे आवर्जून विचारावे.