विम्याचा धंदा की विम्याचा हक्क?

सरकारने खाजगी कंपन्यांच्या शेजारी आपलाही आरोग्यविमा विकावयास ठेवावा, म्हणजे स्पर्धेने गरिबाचे कल्याण आपोआप होईल, असे काही सुशिक्षित सांगतात. त्यांचा हेतू शुद्ध असेल. हिशेब मात्र चुकीचा आहे. नफ्यासाठी विमा विकणारा तरुण व निरोगी माणूस आधी वेचतो. भंडारा जिल्ह्यात घरी बसून विड्या वळणारी, तंबाखूच्या धुळीने खोकणारी बाई त्यास नकोच असते. असे सारे आजारी सरकारच्या पदरी पडतील, सरकारी विमा तोट्यात जाईल, आणि मग हेच लोक म्हणतील की, सरकारला धंदा जमत नाही!

बाबासाहेबांनी हे पूर्वीच ओळखले होते. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, अशी मागणी त्यांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये केली. १९७३ साली सर्वसाधारण विमा सरकारी झाला. १९९९ च्या कायद्याने खाजगी भांडवलास दार पुन्हा उघडले.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला, हे योग्यच झाले. परंतु ती योजना ठराविक उपचारांपुरती आहे. रोजच्या औषधाचे काय? आणि नुसते कार्ड काय कामाचे? ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली!

म्हणून बंधुभगिनींनो, मागणी स्पष्ट करा : श्रीमंत-गरीब सर्वांस एकच सरकारी विमा, मिळकतीप्रमाणे वर्गणी, आणि तालुक्या-तालुक्यात सुरक्षित रुग्णालय. मत मागावयास येणाऱ्यास प्रथम याचा जाब विचारा.