शाल नको, मत विचारा

१ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, शाल-श्रीफळ देऊन संयोजक कृतार्थ होतात. आम्हांस ते मान्य नाही. सालेकशात तेव्हा हलके धान कापणीच्या तोंडावर असते. ही तारीख कोणास विचारून ठरविली? गोंडी बोलणाऱ्या आजीस बँकेच्या मराठीत निवृत्तिवेतन समजावणे ही सेवा नव्हे, उपेक्षा होय. अटल पेन्शन योजनेत प्रवेश चाळिशीपर्यंतच. मग सभेस तरुण का नसतात? सांभाळाच्या अटीवर दिलेली जमीन, अट मोडल्यास, २००७ च्या कायद्याने न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. हे बक्षीसपत्रापूर्वी कळावयास हवे. म्हणून दिवस, भाषा व विषय ग्रामस्थांनीच ग्रामसभेत ठरवावेत. म्हातारपण ज्यांचे, त्यांना केवळ श्रोते ठेवणे हा अन्याय आहे.